ड्युटीवर गेलेल्या नायिका

आत्या सासर सोडून आमच्याकडे आली तो दिवस सोमवार होता. बाबा लष्करी सामानाच्या सरकारी फॅक्टरीत होते. आई पोळ्या करत होती. आत्याने पिशवी दाराशी ठेवली, मोरीत पाय धुतले आणि म्हणाली, "वहिनी, मी आले." आईने तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, "बसा." संध्याकाळी बाबा आले. त्यांनी सायकल भिंतीला लावली, पिशवी पाहिली आणि ते हात धुवायला गेले.

ती का आली ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि विचारण्याइतकी मोठी झाले तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. पासष्टच्या, म्हणजे पहिल्या लढाईच्या वर्षातली ही गोष्ट. मी तेव्हा दहा वर्षांची होते. एकाहत्तरची दुसरी लढाई आली तेव्हा मी कॉलेजात जाऊ लागले होते आणि आत्या अजून आमच्याकडेच होती. मधल्या सगळ्या काळात घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवता ठेवता एकच विचारी, "मग, कुसुमताईंचं परत जायचं काय?" आज ना उद्या तिला न्यायला कोणी येईल आणि ती जाईल, असं सगळे धरून चालले होते. तिच्यासाठी वेगळी ट्रंकही कितीतरी दिवस आम्ही घेतली नव्हती. तिची लुगडी आईच्या ट्रंकेत एका बाजूला असत.

गेल्या माघात आत्या वारली. जबलपूरच्या रांझी भागातली तिची खोली रिकामी करायला मी गेले होते. भांडी, गादी, एक लोखंडी कपाट, देव. दुपारपर्यंत सगळं उरकलं. मग मी चालत फॅक्टरीच्या जुन्या क्वार्टरांच्या ओळीकडे गेले. तिथे आता कोणी राहत नाही. दारं-खिडक्या काढून नेल्या आहेत, अंगणात घाणेरी माजली आहे आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून पिंपळ बाहेर आला आहे. ओटा मात्र जागेवर होता. मी त्यावर बसले. रस्त्यावरून मटारची हातगाडी गेली आणि ओल्या शेंगांचा वास आला.

जबलपूरचा हिवाळा म्हणजे माझ्यासाठी हाच वास. शहपुऱ्याकडून मटारची पोती येत. आम्ही, शेजारच्या वानखेडे काकू आणि त्यांच्या पलीकडची मिश्राइन, अशा तीन घरांत मिळून एक पोतं घेतलं जाई. जेवणं आटोपली, भांडी उपडी पडली, की तिन्ही घरच्या बायका आमच्या ओट्यावर उन्हात येऊन बसत, कारण ऊन आमच्या ओट्यावर सगळ्यात उशिरापर्यंत टिके. सुपांत हिरवे दाणे टपटप पडत. टरफलं मिश्राइनच्या गाईला. मिश्राइनच्या अंगाला मोहरीच्या तेलाचा वास येई, वानखेडे काकूंच्या पदराला तंबाखूचा, आणि आईच्या हातांना हिंगाचा. आत्याच्या अंगाला कसला वास येई ते मी खूप आठवून पाहिलं. जुन्या कागदाचा येत असावा.

कारण आत्या मटार सोलत नसे. ती वाचून दाखवी.

शहरात मराठी लोकांचं एक लहानसं वाचनालय होतं. तिथल्या कपाटाच्या तळाशी कोणी तरी दान दिलेले, एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांचे बांधीव अंक पडून होते. वाचनालय सांभाळणारे नाना आत्याला म्हणाले, "न्या हो, ते कोणी नेत नाही. परत आणायची घाई नका करू." त्या अंकांत गोष्टी होत्या. लेखकाचं नाव बहुधा नसे, खाली नुसतं 'एक हितचिंतक' असं असे. हितचिंतकांच्या गोष्टी बायकांबद्दल असत. लहानपणी लग्न झालेली आणि भावाच्या पाटीवर चोरून अक्षरं गिरवणारी. न्हाव्यापुढे बसायला नाही म्हणणारी विधवा वेणू. म्हाताऱ्या नवऱ्याला तोंडावर "मला तुमचं भय वाटत नाही" असं सांगणारी. या बायका पानंच्या पानं बोलत आणि फार छान बोलत. शेवटच्या पानावर मात्र त्यांना पश्चात्ताप होई, नाही तर क्षय होई, नाही तर वाड्यामागे विहीर असे. आणि अगदी खाली, ठळक अक्षरांत, तात्पर्य.

पहिल्या वर्षी आत्याने सगळं जसंच्या तसं वाचलं. शेवट आला की तिचा आवाज खाली जाई. मग वानखेडे काकू टरफलं झटकत म्हणत, "चलो, हीसुद्धा गेली. उठा बाई, नळ येईल."

काकू मूळच्या वर्धेकडच्या. त्यांचा संसार जबलपुरात झाला होता, पण जिभेवरचं वऱ्हाड गेलं नव्हतं. मिश्राइन रीवाकडची, वाचन ऐकायला येऊ लागली ती दुसऱ्या हिवाळ्यापासून. तिला सावकाश वाचलेलं मराठी कळे, आपसात भराभर बोललेलं कळत नसे, आणि वाचता येत नसे. कठीण वाक्य आलं की आत्या तिच्यासाठी हिंदीत सांगे.

वेणूची गोष्ट चालू होती तेव्हा ते पहिल्यांदा झालं. वेणू माळ्यावर लपून बसली आहे, खाली ओसरीवर न्हावी येऊन बसला आहे, सासू हाका मारते आहे. आत्याने पान उलटलं, क्षणभर पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"काहून थांबल्या?" काकूंनी विचारलं. "वाचा ना."

"पुढचं पान नाही. वाळवीने खाल्लं."

मी आत्याच्या शेजारीच बसले होते. पान होतं. काकूंनाही वाचता येत होतं. त्या वाकल्या, आत्याने बोट घालून धरून ठेवलेली फट त्यांनी उघडून पाहिली, मग आत्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा शेंग हातात घेतली.

"हो बाई, खाल्लं खरं," त्या म्हणाल्या. "आता या पोरीचं काय करायचं?"

"क्या हुआ?" मिश्राइनने विचारलं. "आगे क्या लिखा है?"

"रुको जरा. देख के बताते हैं."

मग दोघी विचार करू लागल्या. आधी तिला माळ्यावरून उतरवायला हवी होती. मागच्या दाराने उतरली, असं काकूंनी ठरवलं. जाईल कुठे? खाईल काय? आत्या म्हणाली, गोष्टीत आधी एकदा आलं आहे की तिचं शिवणकाम चांगलं होतं. "मग झालं तर," काकू म्हणाल्या, "फॅक्टरीत लावून द्या. टेलरिंग सेक्शनला."

अशी शंभर वर्षांपूर्वीची वेणू आमच्या फॅक्टरीत लागली. आणि हे एकदा सुरू झालं ते थांबलं नाही. त्यानंतर प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान वाळवी खाई, आणि प्रत्येक नायिका शेवटी ड्युटीवर जाई. दुसरी नोकरी आमच्या ओट्याला माहीतच नव्हती. पाटीवर अक्षरं गिरवणारी स्टोअरमध्ये लागली, तिला लिहिता येत होतं म्हणून. म्हाताऱ्या नवऱ्याला न भिणारीला काकूंनी गेटवर झडती घ्यायला ठेवली. त्यांना शिफ्ट मिळे, कार्ड मिळे, दिवाळीला बोनस मिळे. नऊवारी नेसलेल्या, नाकात नथ घातलेल्या त्या बायका सकाळच्या भोंग्याला रांझीच्या रस्त्यावरून सायकलींच्या लोंढ्यात चालल्या आहेत, असं मला खरंच दिसे.

मिश्राइनला हे सगळं पुस्तकात छापलेलं आहे असं वाटे. तिला तसं वाटू द्यावं असं कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नाही आणि मग राहून गेलं.

"क्वार्टर मिला उसको?" ती एकदा वेणूबद्दल विचारत होती.

"मिला ना," काकू म्हणाल्या. "दो कमरे का."

मिश्राइनचे हात थांबले. "दो कमरे? हमारे ये बाल सफेद कर बैठे, हमें एक कमरा और रसोई। और उस विधवा को दो?"

"अंग्रेजों का जमाना था मिश्राइन. तब मिलते थे."

"हाँ, तब तो मिलते होंगे," असं म्हणून तिने मान हलवली आणि त्या दिवशी तिच्या घरी मिश्राजींना बरंच ऐकावं लागलं, हे काकूंच्या भिंतीपलीकडून आम्हाला कळलं. तिने ओळीतल्या साऱ्या बायकांना सांगून ठेवलं होतं की मराठणींचं बरं आहे, त्यांच्या पुस्तकांत शंभर वर्षांपासून बायका ड्युटीवर जाताहेत.

आई या बोलण्यात कधी पडली नाही. ती सगळ्यात भराभर सोले, आणि शेवट ठरत असताना मध्येच उठून पाणी भरून येई. आई आणि आत्या यांचं वाकडं नव्हतं, पण एका चुलीपाशी दोन बायका असल्या की जे होतं ते होई. आत्या भाजीत मीठ कमी घाली. आई न बोलता वरून घाली. "वन्सं, तुमचं वाचन झालं असलं तर तांदूळ निवडायचे आहेत," इतपतच. आत्या जावी असं आईला वाटतं की राहावी असं वाटतं, ते मला कधी कळलं नाही. कोणालाच कळलं नव्हतं.

मग दुसऱ्या लढाईचा हिवाळा आला. त्याआधी उन्हाळ्यापासूनच बाबांचा ओव्हरटाईम चालू होता. त्यांच्या शर्टाचा मशीन-ऑइलचा वास धुऊनही जाईना. खिडक्यांच्या काचांवर आम्ही काळा कागद चिकटवला. सायकलींच्या दिव्यांवर वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग लागला आणि संध्याकाळी सुट्टीच्या भोंग्याला तो सायकलींचा लोंढा डोळे अर्धे मिटून घरी येतो आहे असं वाटे. दिवसा लांबच्या रेंजवर तोफगोळ्यांची चाचणी चाले. धप् असा आवाज येई आणि आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणत. वाचता वाचता आत्या त्या आवाजाला थांबे, पेले शांत झाले की पुढे जाई. सुपांच्या शेजारी आता लोकरीचे गुंडे आले होते. जवानांसाठी स्वेटर विणायचे होते. डांबराच्या गोळ्यांचा वास असलेली ती खाकी लोकर अंगाला टोचे. काकूंच्या बाह्या नेहमी लांब होत. "जवान उंच असतात," त्या म्हणत.

त्याच दिवसांत मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बाबांचं बोलणं ऐकलं. "पोरगी मोठी झाली. उद्या कोणी बघायला आलं तर आधी हेच विचारतील, घरात ही कोण, आणि काहून आहे." आईने त्यावर एवढंच म्हटलं, "तूरडाळ संपली आहे. येताना आणा."

आणि त्याच दिवसांत फॅक्टरीत बायकांची तात्पुरती भरती निघाली. जेवताना आत्याने विचारलं, "दादा, मी नाव देऊ का?" बाबांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. "बघू," ते म्हणाले. दोन-चार दिवसांत आत्याच्या सासरहून, आर्वीहून, तार आली. आत्याचे भासरे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, तिला न्यायला येत होते.

त्यांना सगळे गुरुजी म्हणत. शाळेत हेडमास्तर होते. काळा कोट, काळी टोपी, हातात संत्र्यांची करंडी आणि एका पुडक्यात हिरवं लुगडं. वागायला मऊ माणूस. बाबा अर्धी ड्युटी करून आले होते. गुरुजी खुर्चीवर बसले, बाबा खाटेवर. आत्या आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसली, पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढून, हातात विणकाम घेऊन. भासऱ्यांपुढे भावजयीने तोंड उघडायचं नाही आणि भासऱ्यांनीही तिच्याशी थेट बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. रोज ओट्यावर आवाज लावून वाचणारी आत्या त्या दिवशी खोलीत असून नसल्यासारखी होती. काकू आणि मिश्राइन नेहमीच्या वेळेला आपापली सुपं आणि सुया घेऊन आल्या. बाहेर वारं होतं म्हणून आतच, आईशेजारी उंबऱ्यापाशी बसल्या. त्यांना जा असं कोण म्हणणार?

"भाऊसाहेब," गुरुजी बाबांना म्हणाले, "झालं ते झालं. आमचा धाकटा बाळ आता निवळला आहे. आईचं वय झालं, घरात करणारी बाई नाही. त्यांना म्हणावं, चला. मी दोन तिकिटं काढूनच आलो आहे. संध्याकाळची गाडी आहे."

बाबा जमिनीकडे पाहत होते. "तुमचं म्हणणं चुकीचं नाही गुरुजी," ते म्हणाले.

आत्याच्या हातातल्या सुया थांबल्या. मी तिच्या पायांकडे पाहत होते. एका पायाचा अंगठा तिने दुसऱ्या पायाने दाबून धरला होता.

तेवढ्यात मिश्राइन बोलली. "भाईसाहब, बुरा मत मानिए। आप तो पढ़े-लिखे हैं। आपकी मराठी किताबों में तो साफ लिखा है, जो एक बार चली आई, वो लौटकर नहीं जाती। काम पे लग जाती है।"

काकूंना खोकला आला. "जाने दो मिश्राइन," त्या पुटपुटल्या.

"क्यों जाने दो? चंद्रा की कहानी में नहीं था क्या? भाई के घर आ गई थी, फिर वो भी स्टोर में लगी।"

गुरुजींच्या चेहऱ्यावर राग आला नाही. कुतूहल आलं. "कोणतं पुस्तक, बाई? मी मराठीच शिकवतो. असलं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही."

मिश्राइन उठलीच. फडताळातला बांधीव अंक तिने काढला आणि दोन्ही हातांनी गुरुजींपुढे धरला. तिला खात्री होती. गुरुजींनी चष्मा लावला, अनुक्रमणिका पाहिली आणि चंद्राची गोष्ट काढली. भावाच्या घरी निघून आलेली चंद्रा. त्यांनी शेवटचं पान उघडलं. वाळवीने त्याचा कोपरासुद्धा खाल्ला नव्हता. आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं, सावकाश, शब्द न गिळता. आत्याशी बोलता येत नव्हतं, म्हणून ते पुस्तकातून तिच्याशी बोलत होते, हे मला त्या वयातही समजलं.

"येणेंप्रमाणें चंद्रेस आपल्या अविचाराचा पश्चात्ताप होऊन ती बंधुगृहाहून पतिगृहीं परत आली, व पतीच्या चरणीं मस्तक ठेवून तिनें क्षमा मागितली. पुढें सहा मासांत क्षयानें तिचा अंत झाला. अंतसमयीं तिच्या मुखावर समाधान विलसत होतें. तात्पर्य, स्त्रियांनीं..." तात्पर्यही त्यांनी पूर्ण वाचलं. मग चष्मा काढला आणि पुस्तकाकडेच पाहत म्हणाले, "बघा. हे असं आहे."

मिश्राइन आमच्याकडे एकेकीकडे पाहत होती. "मर गई?" ती म्हणाली. "दीदी, ये तो स्टोर में थी न? अभी तो इसका प्रमोशन हुआ था।"

लांब रेंजवर धप् झालं, पेले वाजले आणि थांबले. बाबांनी आत्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला वाटलं, आता ते उठून तिला तयारी कर म्हणतील.

"सहा महिन्यांत?" आईने विचारलं. ती शेंगाच सोलत होती. मान वर केली नव्हती.

"अं?" गुरुजी म्हणाले.

"परत गेल्यावर सहा महिन्यांत मेली, असंच वाचलं ना तुम्ही?"

"हो. पण त्याचं तात्पर्य..."

"तात्पर्य राहू द्या गुरुजी. मला वाचता येतं थोडंसंच, म्हणून विचारून राहिले. भावाकडे होती तोवर तिला काही झालं होतं का? ताप, खोकला?"

गुरुजी खरे शिक्षक होते. त्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि मागची पानं उलटून पाहिली. आम्ही सगळ्या वाट पाहत होतो.

"नाही," ते म्हणाले. "तसा उल्लेख नाही."

"मग आमच्या वन्सं नाही येत," आई म्हणाली आणि तिने सूप पाखडलं.

आणि मग पदराच्या आतून आत्याचा आवाज आला. भासऱ्यांशी ती बोललीच नाही. रीत तिने मोडली नाही. ती आईशी बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ, ओट्यावरच्या आवाजात. "वहिनी, त्यांना सांगा, मी उद्या फॅक्टरीत नाव द्यायला जाणार आहे. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा म्हणावं."

"सांगते," आई म्हणाली. पण सांगायची गरज राहिली नव्हती.

बाबा उठले, खुंटीवरचा मफलर काढून त्यांनी गळ्याभोवती गुंडाळला. "गुरुजी, मी येतो स्टेशनपर्यंत," ते म्हणाले. "एक तिकीट परत घेतात का, ते विचारू."

गुरुजींनी चहा पूर्ण घेतला. पुस्तक मिटून, त्यावर हात फिरवून मिश्राइनला परत दिलं. दारातून बाहेर पडताना ते थांबले आणि आत न पाहता बाबांना म्हणाले, "इथे थंडी फार आहे भाऊसाहेब. त्यांना म्हणावं, जपून राहा." हिरवं लुगडं त्यांनी परत नेलं नाही. आत्याने उंबऱ्याच्या आतून वाकून नमस्कार केला. अंधार पडायच्या आत दोघं रिक्षात बसून गेले.

मिश्राइन त्यानंतर चार-सहा दिवस आमच्या ओट्यावर आली नाही. फसवलं म्हणून रागावली होती. मग एका दुपारी आली, सूप न आणता, आणि उभ्या उभ्या एकेकीचं विचारू लागली. "और वेणू?"

"कुएँ में," आत्या म्हणाली.

"वो पाटीवाली?"

"पाटी जला दी. माफी माँगी."

"गेटवाली भी?"

"ती पण," काकू म्हणाल्या.

मिश्राइन बसली आणि रडली. आपल्या माहेरची माणसं गेल्यासारखी रडली. आमचं त्यांचं मरण केव्हाच वाचून झालं होतं, तिला ते सगळं एकदम आलं. आईने तिला पाणी दिलं. मग तिने तोंड पुसलं, आईच्या सुपातल्या शेंगा ओढल्या आणि म्हणाली, "जो छपा है सो छपा है। तुम लोग आगे का बताओ। चंद्रा का प्रमोशन हुआ, फिर?"

आत्या फॅक्टरीत लागली. तात्पुरती लागली आणि पुढे कायम झाली. पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा आईने तिच्या डब्यात मीठ बरोबर घातलेली भाजी दिली आणि तसं सांगितलंही. वाचन पुढेही शनिवार-रविवारी चालू राहिलं, पण आता आत्या शेवट सांगताना चुका काढी. "टेलरिंगला रात्रपाळी नसते काकू." काकूंना ते आवडत नसे. "तुम्ही लागल्यापासून गोष्टीची मजा गेली," त्या म्हणत.

बाबांची भीती खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. मला बघायला आलेल्या एका घराने आत्याची चौकशी केली आणि पुन्हा निरोप पाठवला नाही. आईने त्यांच्यासाठी केलेला चिवडा आम्ही आठवडाभर खाल्ला. माझं लग्न उशिरा झालं, आणि चांगलं झालं.

पुढे मी कॉलेजात मराठी शिकवू लागले. त्या शतकातल्या गोष्टी अभ्यासाला आल्या तेव्हा मी त्या पुन्हा एकटीने, शेवटच्या पानांसकट वाचल्या. हितचिंतकांवर मला पूर्वी राग होता. वाचता वाचता तो कमी झाला. त्यांनी चंद्रेला घराबाहेर काढताना काय काय लिहिलं आहे ते पाहिलं. गाठोड्यात तिने काय घेतलं, अंगणातल्या गाईला जाताना कसा हात लावला, वेशीपाशी पायातला काटा काढायला ती कशी बसली. इतकं बारकाईने लिहिणाऱ्याला ती निघून जावी असंच वाटत असणार. मग पान संपत येई, मासिक घरोघरी जाणार असे, आणि त्याला भीती वाटे. आमच्या ओट्यावरच्या बायकांना कोणाचं भय होतं? नळ जाण्याचं, फार तर. तरीही आई हितचिंतकाच्याच वाक्याने बोलली, हे मी वर्गात कधी सांगू शकले नाही. घरातली गोष्ट होती.

आत्याची खोली रिकामी केली त्या दिवशी मी ओट्यावर बसले असताना एक तरुण मुलगी स्कूटर थांबवून विचारून गेली, "आंटी, किसी को ढूँढ रही हैं?" मी नाही म्हटलं. ही ओळ पाडायची आहे, असं तिने सांगितलं. इथे नवीन बहुमजली इमारती होणार आहेत. मी उठले, साडी झटकली आणि आत्याच्या खोलीवर परत आले. किल्ली घरमालकांच्या सुनेच्या हातात दिली. तिला मराठी समजतं, बोलायला येत नाही. ती म्हणाली, "बुआजी बहुत हँसाती थीं।"

काकू मुलाकडे नागपूरला गेल्या आणि तिथेच वारल्या. मिश्राइन रीवाला परत गेली. ती वारल्याची बातमी आम्हाला फार उशिरा कळली. मग बाबा, मग आई, आणि आता आत्या. गुरुजी आले त्या दुपारी क्वार्टरात बसलेल्या आमच्यापैकी आता मी एकटी आहे.